कुणालाच न दिसलेला फाउल

“तोंडाकडे बघू नकोस गं. तोंड सारवासारव करायला शिकतं. पायांकडे बघ.”

लो शिफूंचं, म्हणजे गुरू असलेल्या नवऱ्याचं, हे सांगणं लानयिंगच्या कानात अजून तसंच होतं, मध्येच खोकला दाबून बोललेलं. शिफू पोरांना स्नूकर शिकवायचे आणि ती हॉल सांभाळायची. टेबलांची हिरवी कापडं एकाच दिशेने ब्रशने झाडायची, पोरांना दोन वेळचा भात घालायची, आणि आज कोण मन लावून खेळलं, कोण नुसताच वाकून उठला, ते संध्याकाळी नवऱ्याला सांगायची. शिफू जाऊन तीन वर्षं झाली, पण सवय काही गेली नाही. युशानच्या क्रीडागृहात दुसऱ्या रांगेत बसून आताही ती त्यांच्याच हॉलमध्ये वाढलेल्या कुआंग लियांगच्या काळ्या बुटांकडेच बघत होती.

शेवटची फ्रेम, म्हणजे शेवटचा डाव, चालू होती. दोघांनी सारख्याच फ्रेमा जिंकलेल्या, आता ही जो घेईल त्याचा सामना. समोरचा खेळाडू वेल्सहून आलेला, पन्नाशीचा, डोक्यावरचे केस गेलेला आणि गुडघ्याला पट्टा बांधलेला. लियांग एकोणीस वर्षांचा. व्यावसायिक म्हणून खेळायचा त्याचा परवाना दोन वर्षांचा होता आणि तो ह्या हंगामाबरोबर संपत होता. आज जिंकला तर क्रमवारीत वर सरकून तो टिकत होता. हरला तर पुन्हा हौशी पोरांच्या रांगेत उभं राहायचं, नाहीतर गावातल्या टेबलांच्या कारखान्यात दगडी फळ्या उचलायच्या. बघायला आलेलं अर्धं गाव हे जाणून होतं.

लियांग पुढे होता. लाल बॉल थोडेच उरले होते. त्यातला एक पलीकडच्या काठाजवळ, आणि तिथवर पोचायचं तर गुलाबी बॉलवरून अंग लांबवावं लागत होतं. लांब टेकू घेऊन खेळला असता तरी चाललं असतं. पण त्याने एक पाय मागे उचलला, छाती टेबलावर झोकली आणि डाव्या हाताची बोटं कापडावर रोवली. उजव्या हातातली काठी, क्यू, मागे गेला. आणि त्याच वेळी, जमिनीवर टेकलेल्या पायाची टाच थरथरली.

 लाल बॉल मात्र सरळ खिशात पडला. टाळ्या सुरू झाल्या, मागे कुणीतरी शीळ घातली.

लियांग उठला. पुढच्या बॉलकडे त्याने पाहिलंच नाही. पांढरे हातमोजे घातलेली तरुण पंच पलीकडे उभी होती, तिच्याजवळ जाऊन तो हळूच काहीतरी बोलला. तिला बहुतेक कळलं नाही, म्हणून तिने पुन्हा विचारलं. तेव्हा त्याने जाकिटाची खालची कड चिमटीत धरून दाखवली आणि मग गुलाबी बॉलकडे बोट केलं. अंगाचा, कपड्याचा कसलाही स्पर्श बॉलला झाला की फाउल, आणि पाळी समोरच्याकडे. पंचाच्या पाठीमागून झाला, कॅमेऱ्याला दिसला नाही, तरी खेळणाऱ्याने आपण होऊन सांगायचा, अशी ह्या खेळाची रीत.

टाळ्या मध्येच थांबल्या. वेल्सचा माणूस खुर्चीतून उठला आणि त्याने दोन बोटांनी टेबलाची कड वाजवली. टक, टक. शिफूंच्या हॉलमध्येही हेच चालायचं; पोराने स्वतःचा फाउल सांगितला की हातातलं काम सोडून सगळे शाबासकी म्हणून आपापल्या टेबलाची कड वाजवायचे. लानयिंगच्या पुढ्यात रांगेचा लाकडी कठडा होता. तिचा हात त्यावर गेला आणि तसाच राहिला. एवढ्या मोठ्या क्रीडागृहात दुसरं कुणीही काही वाजवलं नाही.

मग त्या माणसाने घाई न करता, गुडघा सांभाळत, उरलेले सगळे बॉल खिशात घातले. सामना संपला.

बाहेर पडताना लोकांच्या बोलण्यातून वाट काढणं अवघड झालं. रेल्वेतून निवृत्त झालेला म्हातारा पेंग दिवसभर तिच्याच हॉलमध्ये फुकटचा चहा पीत बसायचा, तो तिला ऐकू जाईल अशाच आवाजात म्हणत होता की फाउल असावा तर असा, एक ह्याला दिसला आणि एक देवी ग्वानयिनमातेला. त्याच्या शेजारचा म्हणाला, मातेचंही नाव कशाला घेता, ती तरी कुठे साक्षीला येणार आहे. कुणी हसलं. काही वर्षांपूर्वी देशातल्या चांगल्या-चांगल्या खेळाडूंना पैसे घेऊन हरले, सामने विकले म्हणून बाहेर काढलं होतं. तेव्हापासून हातातला सामना कुणी घालवला की लोक आधी गप्प होत आणि मग एकमेकांकडे बघत.

फाटकाशी फांगसाहेब उभेच होते. क्रीडा कार्यालयातले हे गृहस्थ तसे मवाळ, दोन्ही हात नेहमी पोटावर धरलेले. त्यांनी तिला बाजूला घेतलं, आधी तब्येतीची चौकशी केली, शिफूंची आठवण काढली, आणि मग मुद्द्यावर आले. वरून आत्ताच फोन आला होता. उद्या सकाळी ह्या सामन्याबद्दल त्यांना कळवायचं होतं. चित्रफितीत काही दिसत नाही, पोराच्या पाठीने सगळं झाकलंय. स्पर्श झाला असेल तर असा पोरगा गावाचा अभिमान. झाला नसेल तर हरायची ह्याहून सभ्य युक्ती दुसरी नाही.

“शिन्यांग, तो नऊ वर्षांचा असल्यापासून तुमच्या हाताखाली वाढलाय,” ते म्हणाले. गावात सगळेच तिला शिन्यांग म्हणत, गुरूची बायको म्हणून. “तुम्ही प्रतिपदा-पौर्णिमा पाळणाऱ्या बाई. तुम्ही येऊन ‘पोरगा स्वच्छ आहे’ म्हणालात की मी तसं कळवून मोकळा होतो. गप्प राहिलात, तर चौकशी. आणि मग ती एकट्याची नसते. हॉलमधल्या सगळ्या पोरांची होते.”

सकाळी येते, एवढंच ती म्हणाली.

घरी चालत येताना तिला स्वतःचाच राग येत होता, कारण ‘स्वच्छ आहे’ हे तिथल्या तिथे तिच्या तोंडून निघायला हवं होतं आणि निघालं नव्हतं. एक ती टाच. शिफू सांगायचे, चुकणाऱ्याचे हात शेवटपर्यंत साथ देतात, आधी पाय सांगतात. आणि टाचेच्याही आधीचं बरंच काही होतं. लियांग सामन्यांसाठी इंग्लंडहून परतल्याला पंधरवडा झाला होता. ह्या पंधरवड्यात एक करडी गाडी दोनदा गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली. दोन्ही वेळा लियांग काही न बोलता गेला. परत आल्यावर तिने विचारलं तर म्हणाला, केस कापायला गेलो होतो. कानांवर आलेली झुलपं तशीच्या तशी होती.  ती बटाटे सोलत राहिली. पण तेव्हापासून तो फोन पालथा का ठेवतो, जेवताना घास का चिवडतो, दाराशी पाऊल वाजलं की मान का वळवतो, हे सगळं तिला दिसू लागलं होतं. एकदा दिसायला लागलं की थांबत नाही. आपण देवासमोर उदबत्ती लावून त्याचं भलं मागतो आणि मागे वळून त्याच्या खिशाकडे बघतो, ह्याची तिला लाज वाटायची.

नवव्या महिन्याची पौर्णिमा होती. तिने टोफू आणि मोहरीचा पाला केला होता, भात वाफेवर ठेवला होता. उजेड होता तोवरच लियांग आला. क्यूची पेटी भिंतीला उभी केली, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर ब्रश फिरवू लागला. हरून आला की तो हेच करायचा, लहानपणापासून. हॉलमध्ये दुसरं कुणी नव्हतं. रोज येणारे आज आलेच नव्हते, म्हातारा पेंगसुद्धा.

ती स्वयंपाकघरातून हात पुसत आली.  त्याने झाडलेल्या टेबलावर तिने गुलाबी बॉल ठेवला, दोन पावलं मागे जाऊन बघितलं, थोडा डावीकडे सरकवला. मग पलीकडच्या काठाजवळ लाल. मग पांढरा. इतकी वर्षं पोरांचे डाव बघितलेली बाई; कुठला बॉल कुठे होता ते तिला विचारावं लागलं नाही.

लियांग ब्रश हातात धरून बघत होता.

“जाकीट घाल,” ती म्हणाली.

त्याने ब्रश खाली ठेवला. मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, “तुम्हालाही?”

 त्याने पिशवीतून जाकीट काढलं, झटकलं, घातलं, सगळी बटणं लावली. पहिल्या वर्षी इंग्लंडला निघताना शिवलेलं ते जाकीट. तिकडे खोलीत एकटा, कच्चंपक्कं खाऊन दिवस काढलेला. परत आला तेव्हा जाकीट अंगावर लोंबत होतं. बाजूने टाका घालून देते असं ती म्हणाली होती, तर म्हणाला राहू द्या, अंग भरेल.

तो वाकला. एक पाय मागे, छाती पुढे, बोटं कापडावर. ती टेबलाच्या कडेला गुडघे टेकून बसली आणि तिने बॉलच्या उंचीवरून पाहिलं. जाकिटाची कड आणि गुलाबी बॉल ह्यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट होती. त्यातून पलीकडची खिडकी दिसत होती.

“पुन्हा.”

तो उठून पुन्हा वाकला. मग आणखी एकदा, थोडा पुढे सरकून. फट कमी-जास्त झाली, पण राहिली.

“लागत नाहीये,” ती म्हणाली.

“नाही लागत,” तो तसाच वाकलेल्या अवस्थेत म्हणाला. “तिथे लागलं होतं.”

“मग इथे का नाही?”

“मला नाही माहीत, शिन्यांग. तिथे वाकलो तसं इथे कसं वाकू? इथे काय जाणार आहे माझं?”

हे बोलणं खरं होतं की नुसतं पटणारं होतं, हे काही तिला ठरवता येईना. एवढ्यात दाराशी स्कूटर थांबली. पिवळी टोपी घातलेला सामान पोचवणारा आत डोकावला, कुआंग लियांग कोण म्हणाला, आणि बांबूची झाकणाची एक टोपली उंबऱ्याच्या आत ठेवून दुसऱ्या पत्त्याला पळाला. टोपलीतून खरखर येत होती. लानयिंगने झाकण उचललं. सरोवरातले मोठे केसाळ खेकडे, गवताच्या दोरीने एकेक बांधलेले, जिवंत, तोंडाशी बुडबुडे. वर लाल फीत. पाठवणाऱ्याचं नाव नाही.

लग्न ठरलं, पोरगं मोठ्या परीक्षेत पास झालं, म्हणजे पाठवतात असे खेकडे. सामना हरलेल्या पोराच्या घरी हे कोण पाठवतं?

तिने वर पाहिलं. लियांगच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं. आता पायांकडे बघायची गरज नव्हती.

“परत पाठवा,” तो म्हणाला. “त्याला बोलवा परत.”

“गेला तो. बस इथे.”

तो बसला नाही, म्हणून तीच खुर्ची ओढून बसली. तिने आवाज चढवला नाही. तिला ते कधी जमलंच नव्हतं. करड्या गाडीत कोण होतं, एवढंच विचारलं. आणि केस कापायला गेलो होतो म्हणून पुन्हा सांगणार असशील तर आधी आरशात बघून ये, म्हणाली. त्यावर त्याच्या ओठांवर हसू आल्यासारखं झालं आणि तसंच विरलं. मग तो बोलायला लागला, जाकिटाचं शेवटचं बटण पिळत. गाडीतला माणूस बाहेरगावचा. चांगलं बोलणारा, हातात मण्यांची माळ. नदीकाठच्या चहाच्या दुकानात भेटला. त्याला हा एक सामना हरून हवा होता, बाकी काही नाही. लियांग नाही म्हणाला. चार दिवसांनी पुन्हा बोलावलं, पुन्हा नाही म्हणाला, कप तसाच ठेवून उठला.

“तो माणूस नाही आला मागे. दादा आला रस्त्यापर्यंत. म्हणाला, विचार तरी कर, एका सामन्याने काय—”

तो थांबला. बटणाचा दोरा तुटून बटण त्याच्या हातात आलं होतं.

हॉलमधल्या मोठ्या पोरांना लियांग नावाने हाक मारायचा. दादा तो एकालाच म्हणायचा. नऊ वर्षांचं पोर, आईबाप समुद्राकाठच्या कारखान्यात, आजी इथे आणून सोडून गेलेली. त्या पोराला उंची पुरावी म्हणून पायाखाली पाट देऊन ज्याने पहिल्यांदा क्यू धरायला शिकवला, तो लो बिन. लानयिंगचा मुलगा. स्वतः खेळात फार पुढे गेला नाही, आता नानचांगला क्यू आणि खडू विकायचं दुकान चालवायचा, आणि दर रविवारी न चुकता आईला फोन करायचा.

लानयिंगने टोपलीचं झाकण परत लावलं.

“असं कुणी भेटलं तर कार्यालयात सांगायचं असतं,” ती म्हणाली. “नुसतं लपवलं तरी शिक्षा आहे. तुला माहीत होतं.”

“हो.”

“मग?”

त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि हे काय विचारता, असं त्याच्या तोंडावर होतं. “तुमचा मुलगा आहे,” तो म्हणाला.

मग न विचारताच पुढचंही म्हणाला. क्यू निघालेला होता तेव्हा कापड लागल्याचं त्याला कळलं. अगदी पुसट, झोपलेल्या माणसाने कूस बदलावी एवढंच. लाल बॉल खिशाकडे चालला होता आणि त्याच्या डोक्यात आलं की आता सांगितलं तर मी हरणार आणि दादाला वाटणार की मी त्याचं ऐकलं. त्यांना हवं होतं तेच होणार, आणि तेही माझ्या हाताने. गप्प राहिलो तर जिंकीन. कुणालाही कळणार नाही.

“मग सांगितलंस का?”

“लागलं होतं म्हणून,” तो म्हणाला.

लानयिंग उठून स्वयंपाकघरात गेली. भाताखालची आच बंद केली. ओट्याशी उभं राहून तिने बिनला फोन लावला. काय विचारायचं ते ठरवलं नव्हतं, आणि विचारावंही लागलं नाही. फोन उचलताच बिनचा हसरा आवाज आला.

“खेकडे पोचले का गं, आई? आज पौर्णिमा, तू खाणार नाहीस, माहीत आहे. पोराला घाल. त्याला आवडतात.”

तिने ओट्याची कड धरली. “तो हो म्हणाला होता का तुम्हाला?”

 पलीकडचा आवाज बदलला, पण फार नाही. दुकानातून गिऱ्हाईक परत जायला लागलं की बोलावं तसा झाला. “तुला कुणी सांगितलं? हे बघ, मी नुसती ओळख करून दिली. नाहीच म्हणाला तो, दोनदा. उठून गेला, माझी मान खाली गेली त्या माणसापुढे. पण शेवटी केलंच की नाही? आणि काय सफाईने, आई. मी बघतच राहिलो. बाबांनाही सुचलं नसतं.”

इतकी वर्षं ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पोराचे पाय बघत आली होती. बिनचे पाय तिने न्हाऊ घातले होते, मोजे विणून दिले होते. ह्या नजरेने पाहिले नव्हते.

“जेवलास का?” तिने विचारलं. दर रविवारी ती हेच विचारून फोन ठेवायची. आज रविवार नव्हता.

“जेवतोय आता. का गं?”

“काही नाही. जेव,” म्हणून तिने फोन ठेवला.

ती बाहेर आली तेव्हा लियांगने जाकीट काढून घडी घातलं होतं आणि टेबलावरचे तिन्ही बॉल उचलून ठेवले होते. तिच्या तोंडावरून त्याला सगळं कळलं असावं. तो घाईघाईने बोलू लागला. नका सांगू कुणाला. माझं वर्ष तसंही गेलंच आहे, चौकशी झाली तर होऊ दे, त्यांच्याजवळ पुरावा काय आहे. मी कारखान्यात जाईन, मला फळ्या घासता येतात. दादाचं दुकान आहे, पोरगी शाळेत जाते. शिन्यांग, तुम्ही फक्त ‘स्वच्छ आहे’ म्हणा आणि परत या. तेवढंच तर विचारलंय त्यांनी.

तिने ते ऐकून घेतलं. खरं तर फाटकापासून इथवर तीही हेच घोकत आली होती. फक्त तेव्हा तिला वाटत होतं की खोटं बोलावं लागणार ते ह्या पोरासाठी. आता ह्या पोरासाठी खोटं बोलायचं काहीच उरलं नव्हतं. आणि तेवढंच बोलून परत यायचं, तर ती करडी गाडी दुसऱ्या कुठल्या तरी गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहणार, आणि नाही म्हणणाऱ्या पोरामागून बिन रस्त्यापर्यंत येणार, विचार तरी कर म्हणत.

“उद्या सकाळी मी जाते,” ती म्हणाली. “तुझं सांगते. आणि बिनचंही सांगते.”

“नको.”

“सांगणार आहे, लियांग. तुला शब्द देते.”

“मी शब्द मागितला नाहीये.”

“माहीत आहे. तू मागणार नाहीस. म्हणून मीच देते.”

तो खाली बसला. त्याने विचारलं, मलाही शिक्षा होईल ना. ती म्हणाली, होईल. लपवल्याची होईल. विकल्याची होणार नाही. एवढं बोलून तिने त्याच्यापुढे टोफू आणि भात ठेवला, आणि कोपऱ्यातल्या टेबलाच्या कडेला जाऊन उभी राहिली. पाठमोरी. दोन बोटांनी तिने कड वाजवली, हळू, कुणी झोपलं असेल तर जागं होऊ नये इतकी हळू. मागे वाटीत चमचा थांबलेला तिला ऐकू आला. तिने वळून पाहिलं नाही.

सकाळी नेहमीसारखी उदबत्ती लावली. ग्वानयिनपुढे हात जोडून उभी राहिली, पण काय मागावं ते सुचेना. बिनला सांभाळ म्हणावं, तर त्याला अडचणीत घालायला तीच निघाली होती. शेवटी काही न मागताच तिने डोकं टेकवलं. लियांगच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. त्याच्यासाठी तिने कांजी झाकून ठेवली, राखाडी कोट घातला, केस पाण्याने बसवले, आणि हॉलचं दार बाहेरून हलकेच ओढून घेतलं.

गल्लीच्या कोपऱ्यावर जियांग वहिनीच्या भट्टीतून वाफ येत होती. कालच्या सामन्याचं ऐकून त्यांनाही काहीतरी विचारायचं होतं, हे त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं, पण चांगल्या बाई त्या, विषय बदलून म्हणाल्या, “इतक्या सकाळी कुठे, शिन्यांग? बिन बरा आहे ना?”

“बरा आहे. त्याच्याच कामाला चाललेय.”

“मग हे घेऊन जा,” म्हणत वहिनींनी मुळ्याचं तिखट सारण भरलेले दोन गरम बाओ कागदात गुंडाळले. लहानपणी शाळेत जाताना रोज हट्ट करायचा, म्हणाल्या, भेटला की द्या, थंड झाले तरी आवडतात त्याला.

नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. लानयिंगने दोन्ही हातांनी पुडी घेतली, कोटाच्या आत छातीशी धरली, आणि नदीकाठच्या रस्त्याने क्रीडा कार्यालयाकडे चालू लागली.